हातभर उंचीवरची हवा

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. कोणी विषय काढला की गांगुर्डे सरांचे किस्से सांगून मोकळा व्हायचो. आज उरलेलंही सांगतो.

ऐंशीच्या दशकात नाशिकच्या आमच्या कॉलेजात सर फिजिक्स शिकवत, मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर. समोर कोणी शिंकलं तरी ते भडकत. "हवा हलवू नका!" हे त्यांचं पालुपद. प्रयोगशाळेत झाडू बंद, पंखा बंद.

शिपाई एकदा वैतागला, "सर, श्वास तरी घेऊ का?"

"घ्या! पण तिकडे तोंड करून!"

मुंबईहून भंगारात आणलेल्या लेसरच्या नळीतून ते लाल रेघ जमिनीपासून हातभर उंचीवर, मांडी घालून बसलेल्या पोरांच्या नाकासमोरून जाईल अशी सोडत. धुळीवरून परतणारा उजेड दुर्बिणीत पकडत. मीटरचा काटा हलला की धूळ आहे. दुर्बीण फिरवली की धूळ कुठवर सरकली, तेही कळे.

"सर, धूळ नुसतीही दिसते की," मी म्हणायचो.

"दिसते ती खाली बसते. दिसत नाही ती पोरांच्या छातीत जाते, गाढवा!"

घोटीच्या रस्त्याला एका शाळेला लागूनच खडी क्रशर होता. तो हलवायचाच, म्हणून सर पेटले होते. त्यांच्या थोरल्या बहिणीने, अक्काने, तिथे पाट्या वाहून त्यांना शिकवलं. आता दोन वाक्यं बोलताना तिला दम लागे.

शेवटी पाहणीला एक सरकारी साहेब यायचे ठरले. क्रशरचा मालक आमच्या संस्थेच्या कमिटीवर. माझी नोकरी कायम व्हायची होती. ओल्या दगडाची धूळ उडत नाही, हे मला सरांनीच शिकवलं होतं. ते मी मालकाला सांगितलं. आदल्या संध्याकाळी त्याने दगडांवर टँकर रिकामे केले.

उजाडायच्या आत शाळेच्या अंगणात यंत्र मांडलं. भिंतीपलीकडे क्रशर धडधडत होता. काटा हलेना.

"मास्तर, हवा तर झकास आहे!" साहेब हसले. मीही हसलो. थू माझ्यावर.

सर कोणावरच ओरडले नाहीत. सगळा उन्हाळा ते यंत्र खोलत राहिले, नसलेला बिघाड शोधत. स्क्रू ड्रायव्हर मीच हातात द्यायचो. अक्का समोर बसली की खालच्या आवाजात म्हणत, "अक्का, माझंच काहीतरी चुकलं."

एकदा ते बाहेर गेल्यावर तिने मला विचारलं, "भाऊ... खरं सांगा. त्याचं यंत्र... खोटं हाय का?"

यंत्र चोख आहे, अक्का. खोटा मी आहे. मला माफ करा.

हे आज लिहितोय. तेव्हा म्हणालो, "नाजूक वस्तू आहे, अक्का. बिघडते कधीकधी."

आता दोघंही नाहीत.