मौजे कुंडल येथील ऊनपाण्याची लढाई

प्रथम जल आणि अग्नी या उभयतां जन्मवैऱ्यांस नमन असो, की ज्यांस एका भांड्यात नांदविण्याची विद्या मनुष्याने हस्तगत केली आणि त्या दिवसापासून त्याच्या स्वतःच्या घरातले वैर वाढीस लागले. गड कोणी घेतले, नद्या कोणी ओलांडिल्या, यांच्या हकीकती लिहिणारे बहुत जाहाले. परंतु चाकांवरच्या घरात स्नानाचे पाणी तापवावे ते साठवून की वाहते, या एका मसलतीपायी कृष्णाकाठ कैसा हालला, हे साक्षेपाने लिहून ठेविणारा कोणी निघाला नाही. ती उणीव जाणून हा मजकूर लिहिला असे.

शके १९१७, युवनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, थंडी उसाच्या फडांत तळ देऊन बसली असता, मौजे कुंडल येथे सुभेदार धनाजी होवाळ यांनी उत्तरेच्या मोहिमेची सिद्धता केली. हे सुभेदार सरकारी फौजेतून मानाने निवृत्त जाहालेले. पूर्वी जम्मू, तेजपूर, जैसलमेर ऐशा दूरदूरच्या ठाण्यांवरून त्यांनी कबिल्यास, म्हणजे बनाबाईसाहेबांस, वारंवार वचन दिधले होते की पेन्शनीत आलो म्हणजे तुम्हांस सारनाथ, बुद्धगया, कुशिनारा दाखवीन. आणि ते वचन पाळावे म्हणोन त्यांनी एक वृद्ध मेटाडोर खरीदली, मग तिची आसने उपटिली, मग आत दोन पलंग, स्वयंपाकाचा ओटा, पडदे आणि टपावर पाण्याची टाकी ऐसा सरंजाम बसविला. हे सर्व काम मलकापुरास हमरस्त्याकाठी गाड्यांच्या बॉड्या बांधणारे नामांकित कारागीर आणि सुभेदारांचे बाळमित्र दस्तगीर मिस्त्री यांनी केले. गाडी उभी राहिली तेव्हां सुभेदारांस वाटले, आता केवळ किल्ली फिरविणे बाकी.

तो बनाबाईसाहेब गाडीत शिरल्या, पलंग दाबून पाहिला, ओट्यावरून हात फिरविला आणि खाली उतरोन फर्मान काढिते जाहाल्या.

"गाडी झ्याक हाय. पर पहाटंचं कढत पानी अंगावर पडल्याबिगर मी गावची शीव वलांडनार न्हाई. आदी पान्याचं बघा, मग गयेचं."

हे फर्मान ऐकोन सुभेदार मनातून खचले. तोफांच्या आवाजात ज्यांची झोप मोडली नाही त्यांस बनाबाईसाहेबांच्या शांत स्वराचे भय फार, कारण त्या एकदा न्हाई म्हणाल्या की ते न्हाई दगडावर कोरलेले. त्या न आल्या तर इतक्या वर्षांचे वचन खोटे पडणार, आणि गाडी अंगणात उभी राहोन तीत कोंबड्या अंडी घालणार. एक कोंबडी तर चालकाच्या आसनाची पाहणी करून गेलीही होती.

मग पाण्याच्या मसलतीस दोन पक्ष उभे राहिले. बंबपक्षाचे वकील भाऊसो, बनाबाईसाहेबांचे सख्खे बंधू, हे म्हसवडाहून एस.टी.च्या टपावर तांब्याचा बंब चढवून दाखल जाहाले. तो बंब पोटाने थोर, कानांत पितळी कड्या, मधोमध विस्तवाची नळी, आणि एकदा तापला म्हणजे दुपारपर्यंत ऊब न सोडणारा. गीझरपक्षाचे सेनापती दस्तगीर मिस्त्री. त्यांनी पुण्याहून गॅसचा गीझर आणविला होता, जो आकाराने बिस्किटांच्या डब्याएवढा, पोटात पाण्याचा थेंब न साठविणारा. पाणी आतून वाहों लागता अग्नी आपोआप प्रकट होई आणि पाणी थांबता अग्नी अदृश्य होई. अंगणात घोंगडी अंथरोन दरबार भरला.

"दाजी," भाऊसो बोलिले, "बंब म्हंजी घरातलं मानूस. शेणी घाला, चिपाडं घाला, काय बी खातोय. त्यो डबा सिलिंडर मागतोय. गयेला सिलिंडर सपला तर कुनाच्या दारात हुबं ऱ्हानार?"

"आन गयेला शेणी कुटनं आननार, भाऊसो?" मिस्त्री म्हणाले. "हितनंच गाडी भरून न्यायची म्हना की. मग वहिनी कुटं बसायच्या, शेणींवर?"

"त्या डब्यातनं ऊन पानी निगालं तर पयली आंगुळ माजी. बंब एकदा तापला की चौघांची आंगुळ हुतीया."

"चौघं कुटनं आली? दोगंच हायती. आन बंब भरला की गाडीचं बूड रस्त्याला टेकतंय, त्ये कोन उचलनार, तुमी?"

सुभेदारांस उभय पक्षांचे म्हणणे पटले, आणि हीच त्यांची मोठी अडचण. फौजेत हुकूम एक येई. येथे दोन आले आणि दोन्ही शहाणपणाचे. मग त्यांनी फर्माविले की शब्दाने निवाडा होत नाही, उभयतांनी मैदानात यावे.

पहिला मान बंबास मिळाला. भाऊसोंचा आग्रह ऐसा की मुक्कामास पोहोंचल्यावर बंब पेटवावा तर वेळ जातो, याकरितां चालत्या गाडीतच पेटवावा, म्हणजे उतरतांक्षणी पाणी तयार. सुभेदारांस हे लष्करी तत्परतेचे वाटले. मग बंब मागील दारापाशी साखळीने जखडिला, भाऊसो हाती चिमटा घेऊन त्याजपाशी बसले, आणि गाडी भर सकाळी गावातून निघाली. वळणावर बंबातील पाणी हिंदळले, विस्तवावर पडले, आणि ऐसा धूर उठला की गाडीच्या सर्व खिडक्यांतून एकदम बाहेर पडों लागला. त्या समयी नळकोंडाळ्यावर घागरींची रांग लागली होती. रांगेच्या अग्रभागी दगडाबाई, आवाजाने आणि दंडाने गावात प्रबळ, त्यांनी ते दृश्य देखिले.

"आगं बया, सुभेदार पेटला की गं आत," ऐसे म्हणोन त्यांनी आपली भरली घागर खिडकीतून आत रिती केली. मग त्यांच्यामागची घागर, मग तिच्यामागची. सुभेदार आतून "न्हाई पेटलो, आवं न्हाई पेटलो," ऐसे वारंवार कळवीत होते. परंतु रणांगणी अर्ज कोण ऐकतो? थंड पाण्याच्या त्या माऱ्याने बंब विझला, भाऊसो कुडकुडले, आणि सुभेदार चक्र हाती धरोन पाझरों लागले.

मग दगडाबाईंनी खिडकीत डोके घालोन पाहणी केली आणि विचारिले, "जळला न्हाईसा?"

"न्हाई."

"मग आमचं पानी फुकट ग्येलं की. नळ दोन दिसांनी येतोय. घागरी कोन भरून देनार?"

येणेप्रमाणे खंडणी ठरली आणि सुभेदारांनी व भाऊसोंनी ओल्या वस्त्रांनी विहिरीवरोन सर्व घागरी भरोन पोहोंचविल्या. बनाबाईसाहेब उंबऱ्यातून पाहत होत्या. त्यांच्या त्या नजरेने सुभेदारांस अधिक हीव भरले.

मग गीझराची पाळी. बंद जागी गॅसचा धूर प्राणघातक, याकरितां मिस्त्रींनी गीझर मागील दाराबाहेर टांगिला आणि त्याखाली ताडपत्रीचे मोकळे न्हाणीघर उभारिले. मलकापुरास कारखान्याच्या नळावर हाच गीझर वाघासारखा गर्जला होता. येथे टपावरची टाकी जोडोन तोटी सोडिली, तो पाणी आले ते करंगळीएवढे, आणि गीझर मुकाट. मिस्त्रींनी चापटी मारिली, मुकाट. विनवणी केली, मुकाट.

"गीझर लाजतोय जनू," भाऊसो म्हणाले. ते नुकतेच वाळले होते आणि फार आनंदात होते.

मिस्त्रींनी कारण शोधिले की पाण्यास जोर नाही. टाकी उंच पाहिजे. मग लोखंडी घोडीवर टाकी चढवून पाहिली, तो गावाच्या वेशीवरील नवीन कमानीखालोन गाडी जाईना. म्हणजे स्नान होणार, परंतु गावाबाहेर कधी पडणे नाही. सुभेदार डोके धरोन बांधावर जाऊन बसले. इतुक्या जवळ येऊन वचन बुडते, आणि तेही कमानीपायी, याचे त्यांस अत्यंत वैषम्य वाटले.

बांधापलीकडे हंबीररावांची द्राक्षबाग. तेथे दोन गडी औषध मारीत होते, एक पंपाचा दांडा मागेपुढे ओढी आणि दुसरा नळी धरी, आणि नळीतून फवारा ऐसा सुटे की वेलीची पाने उलटी होत. सुभेदार पाहतच राहिले. मग उठिले आणि आयुष्यात परेडवर धावले नव्हते ऐसे धावले.

पंप उसना आला. एक तोंड टाकीस, दुसरे गीझरास, आणि दांड्यावर स्वतः सुभेदार. दांडा हालला, पाण्याने जोर धरिला, आणि गीझराच्या पोटात निळा अग्नी भप्प करोन प्रकटला. मिस्त्रींनी टोपी आभाळी उडविली. आता आत कोण जातो? तेव्हां मिस्त्रींनी भाऊसोंस स्मरण दिधले की, डब्यातून ऊन पाणी निघाल्यास पहिली आंगुळ माझी, ऐसे ते दरबारात बोलिले होते. शब्दाचे पक्के भाऊसो ताडपत्रीआड गेले.

पाणी कढत निघाले, यात संशय नाही. परंतु पंपाच्या पोटात बागेस मारावयाचे मोरचुदाचे औषध तळाशी राहिले होते, त्याचा विसर सर्वांस पडला. भाऊसो बाहेर आले ते मिशांसह निळे.

"लय गरम हाय," भाऊसोंनी प्रांजळपणे कबूल केले. "पर सगळी आशी का बघत्यात?"

"काय न्हाई," मिस्त्री म्हणाले. "ह्या साली द्राक्षावरचा दावण्या रोग तुमच्यावर काय पडत न्हाई, भाऊसो."

बनाबाईसाहेबांनी पदर तोंडावर घेतला. कित्येक दिवसांनी त्या हसल्या, ते पाहोन सुभेदारांचा दांड्यावरील हात आपोआप थांबला आणि गीझर विझला.

भाऊसोंस विहिरीवर घासून पूर्ववत वर्णावर आणिले, पलुसाहून कोरा पंप आणिला, आणि बंबही उभ्या गाडीपाशी, खाली मातीवर, रीतीने पेटवून पाहिला. तो उत्तम तापला. आता उभय वीर समर्थ ठरले. अखेरचा दरबार भरला, आणि सुभेदार मनातून बंबाकडे झुकले, कारण बंबास कोणी दांडा मारावा लागत नाही आणि त्यांचे खांदे दुखत होते. त्यांनी तैसे सुचविलेही.

तेव्हां बनाबाईसाहेब बोलिल्या, "भावसा, बंब ग्वाड हाय. पर पेटवनार कोन?"

"मी पेटवीन की," सुभेदार म्हणाले.

"तुमी पेटवाल. मग हाक माराल, बने, धूर लय हुतोय, जरा ये. मग मी यीन आन फुकत बसंन. तुमी फौजंत व्हता तवा हितं येकलीच फुकत हुते. गयेला जाऊन बी त्येच करायचं, तर कुंडल काय वाईट हाय?"

भाऊसोंनी बंबाकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"डब्याचं बरं हाय," बनाबाईसाहेबांनी निवाडा पुढे चालविला. "आत आंगुळीला येक, भाईर दांड्याला येक. मी आत आसल्यावर भाईर कोन ऱ्हातंय, त्ये मला ठावं हाय. आन हात थांबला की लगी कळंल, पानी गार पडंल."

मिस्त्री सुभेदारांच्या कानी लागले, "गड्या, खांद्याला तेल लावत जा." मग तह लिहिण्याची गरज उरली नाही. गीझर कायम, बंबास मानाने निरोप, आणि मिस्त्रींनी स्वहस्ते चिंचेने घासून तो ऐसा लखलखीत केला की म्हसवडच्या वाटेवर एस.टी.च्या टपावरोन सूर्य दोन दिसों लागले.

मग गाडीने कूच केले. पहिला मुक्काम साताऱ्यापुढे, लिंब फाट्यानजीक एका ढाब्याच्या मागे पडला. पहाटे थंडी ऐसी की ढाब्यावरचे कुत्रे तंदुरीस टेकून निजलेले. बनाबाईसाहेब ताडपत्रीआड गेल्या, सुभेदारांनी दांडा धरिला, अग्नी प्रकटला आणि वाफ वर चढली. सुभेदार ओढीत राहिले. आत पाठ धुऊन जाहाली, मग पाय, मग पुन्हा पाठ.

"बने, झालं का?"

"आत्ता तर सुरू झालंय."

"दमलो गं."

"हात बदला."

सुभेदारांनी हात बदलिला. आत बनाबाईसाहेब काही गुणगुणत होत्या. काय, ते पंपाच्या आवाजात कळले नाही, परंतु पत्नीस न्हाताना गुणगुणताना त्यांनी पूर्वी कधी ऐकिले नव्हते, याकरितां त्यांनी दांडा हळू केला, तो आतून लागलीच तंबी आली आणि त्यांनी पुन्हा जोर लाविला.

पुढे बनाबाईसाहेब लुगडे नेसून, डोईस फडके गुंडाळून बाहेर आल्या, लाल तोंडाने, आणि कोणत्याही तहात नसलेले कलम त्यांनी स्वतः घातले. सुभेदारांच्या हातून दांडा काढोन घेतला.

"जावा आत. पर बेतानं घ्या पानी. मी काय फौजंत न्हवते."

येणेप्रमाणे ऊनपाण्याची लढाई समाप्त जाहाली. फत्ते उभयतांच्या नावे लिहिली असे. सुभेदार आत स्नान करिते जाहाले, बनाबाईसाहेब बाहेर दांडा मारित्या जाहाल्या, पाणी कढत होते, आणि बुद्धगया अद्याप फार दूर होती, याचे त्या पहाटे दोघांपैकी कोणासही दुःख नव्हते.