गुरम्माची सांगड

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सांगडीची ट्यूब तपासणं. मी ट्यूब मांजरा नदीच्या पाण्यात दाबून धरली, आणि गुरम्मा, माझी बायको, तिला कान लावून बसली. "हवा धरती," म्हणाली आणि चूल पेटवायला घरी गेली.

तिला सगळ्यात हवाच दिसायची. भाकरी फुगली की आधी बोटानं दाबून बघायची. पुतणीला बघायला एक पोरगं आलं. त्याच्या तोंडावरच म्हणाली, "गोरं हाय, पर हवा धरत न्हाई." पुतणी फिसकन हसली. सोयरीक तिथंच मोडली.

निझामाची राजवट गेली आणि भालकीकडं सरकारी जीपा फिरायला लागल्या. मांजरेवर पूल न्हाई. माणसं सुके भोपळे बांधलेल्या सांगडीवर पार व्हायची, पण जीप कशी जायाची? हिनं भोपळ्यांच्या जागी ट्रकच्या जुन्या ट्यूबा फुगवून बांधल्या, वर फळ्या टाकल्या. पहिली जीप चढली तेव्हा साहेब भिऊन काठावरच उतरला. ही त्याच्या जागेवर बसून पार गेली.

बिदरच्या एका ठेकेदारानं ती सांगड बघितली, तशीच केली आणि पेटंट मागितलं. म्हंजे गाड्या न्यायला तसली सांगड दुसऱ्या कुणी चालवायची न्हाई. गुरम्मानं गाव डोक्यावर घेतलं. "डोस्कं माझं आन कागद त्याचा? कामून?" आम्ही हरकत घेतली. सुनावणीला हैदराबादला जाताना रेल्वेच्या अख्ख्या डब्याला तिनं ऐकवलं.

कचेरीत अधिकाऱ्यानं विचारलं, "ही कल्पना कोणाची?"

गुरम्मानं डोक्यावर पदर ओढला. "ह्यांची."

मग त्यानं मला विचारलं, "ट्यूबा एकमेकींवर घासून फाटत कशा नाहीत?"

मला काय ठावं? म्हणालो, "देवाची कृपा."

ठेकेदार पोट धरून हसला. पेटंट त्यालाच मिळालं.

बाहेर आल्यावर मी तडकलो. "येडी का खुळी तू? तुझी व्हती न्हवं?"

"बायकूच्या डोक्यानं खातो म्हणले असते लोक तुमाला," ती म्हणाली. "चला, गाडी जायलीय."

तवापासून आमची सांगड नुसत्या शेळ्या न्यायची. तरी ट्यूबांना ती जिवापाड जपायची.

त्या दिवशी ट्यूब तपासून नदीवरनं घरी गेली, चुलीपुढं बसली, ती उठलीच न्हाई. संध्याकाळी आमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणं तिला बसवून माती दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नदीच्या उतारावर गेलो. ठेकेदाराच्या सांगडीवर जीप चढायली होती. मी पुढं आडवा उभा राहिलो.

"अप्पा, सरा की," ड्रायव्हर ओरडला. "उशीर व्हायलाय."

"ही सांगड माझ्या बायकूनं काढली. गुरम्मानं. मी न्हाई, ठेकेदारानं न्हाई."

"व्हय का? बरं. आता सरा."

"काल गेली ती."

त्यानं इंजिन बंद केलं. मी तिथंच वाळूत बसलो, आणि पहिली ट्यूब तिनं कुणाशी भांडून आणली, तिथनं सांगायला लागलो.