पाचशे चाळीस ग्रॅमची सॅक

मनुष्यप्राण्याची प्रगती त्याने काय उचललं यावर ठरत नाही, काय खाली ठेवलं यावर ठरते. आधी त्याने शेपूट टाकलं, मग दगडाची हत्यारं टाकली, पुढे शेजाऱ्यांशी बोलणंही टाकलं, आणि दर टप्प्यावर तो थोडा थोडा हलका होत गेला. या प्रगतीचं आजवरचं सर्वात पुढचं टोक आमच्या दिवाणखान्यात, टीव्ही आणि सोफा यांच्यामध्ये, पाठीला रिकामी सॅक लावून उभं असतं. ते माझे यजमान.

आमचे हे विमा कंपनीत जोखीम तपासायला असतात. एखाद्या गोदामाला आग लागायच्या आधीच ती कुठून लागेल हे त्यांना दिसतं, आणि नाही लागली तर त्यांना थोडं वाईट वाटतं. असा माणूस डोंगरावर जायचं म्हणतो तेव्हा तो उठून चालू लागत नाही. तो तयारी करतो. त्यासाठी ते अल्पभार गिर्यारोहण मंडळाचे सभासद झाले.

या मंडळाबद्दल मला नितांत आदर आहे. मंडळ दर रविवारी एका दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्याखालच्या तळघरात भरतं. डॉक्टरच अध्यक्ष आहेत. पाठीवरच्या सामानाचं वजन कमी करण्यासाठी चमच्याला भोकं पाडावीत, ही कल्पना त्यांची, आणि दात कोरायचं यंत्र हाताशी असल्यामुळे अंमलबजावणीही त्यांचीच. एका चमच्यामागे चार ग्रॅम वाचतात. (अशा चमच्यात आमटी राहत नाही, हे एका सभासदाने निदर्शनास आणून दिलं. त्यावर पातळ पदार्थ डोंगरावर वर्ज्य करण्याचा ठराव झाला, त्यामुळे पातेल्याचंही वजन वाचलं.) टूथब्रशची दांडी कापणे, टॉवेलचा रुमाल करणे, नकाशाचा समास कातरणे, या गोष्टी तिथे प्राथमिक इयत्तेत शिकवतात. वरच्या इयत्तेतले सभासद कपड्यांची बटणं काढतात.

मंडळाच्या ताज्या अहवालातले आकडे बोलके आहेत. सभासद एकेचाळीस. सॅक एकशे बारा. तंबू त्रेसष्ट. बोटाएवढ्या शेगड्या अठ्ठ्याण्णव. डोंगरावर गेलेले सभासद एक. हा एक म्हणजे मोबाइलच्या मनोऱ्याची दुरुस्ती करणारा मेकॅनिक. तो कामासाठी महिन्यातून दोनदा डोंगर चढतो आणि खांद्यावरून लोखंडी पेटी नेतो. त्याचं सभासदत्व रद्द का करू नये, अशी नोटीस त्याला गेलेली आहे.

आता डोंगरावर जायचं हे मुळात निघालं कुठून, ते सांगते. ते माझं होतं. मी पार्सल कचेरीत वजनाच्या काउंटरवर बसते. काउंटरसमोर खिडकी आहे आणि खिडकीत डोंगर आहे. सोळा वर्षं लोकांची खोकी काट्यावर ठेवता ठेवता मी त्याच्याकडे बघत आले. त्याची अलीकडची बाजू मला माझ्या तळहातासारखी माहीत आहे. पलीकडे काय आहे, ते माहीत नव्हतं. एकदा वर जावं आणि पलीकडे बघावं, एवढीच माझी हौस. त्यातून पुढच्या वर्षी आमचं काउंटर तळमजल्यावर मागच्या बाजूला हलणार, तिथे खिडकीच नाही, असा आदेश निघाला. मी घरी येऊन म्हटलं, अहो, यंदा जाऊन येऊ या. हे म्हणाले, जाऊ या की. इतक्या चटकन हो म्हणाले की मला भरून आलं. त्याच आठवड्यात पहिली सॅक आली.

ती चौदाशे ग्रॅमची होती. मंडळात ह्यांनी ती दाखवली तेव्हा लोकांनी नजरा खाली वळवल्या. महिन्याभरात ती जाऊन नऊशे ऐंशीची आली, ती जाऊन सातशे वीसची. इथे एक बारीक पण महत्त्वाचा नियम समजून घ्यायला हवा. दुकानदार माल तीस दिवसांत परत घेतो, मात्र टॅग शाबूत हवा आणि माल न वापरलेला हवा. ह्यांच्यासारख्या दूरदर्शी माणसाला यातून एकच निष्कर्ष काढता आला: टॅग काढणं म्हणजे पुढच्या, आणखी हलक्या सॅकची वाट कायमची बंद करणं. म्हणून आमच्या घरी टॅग काढत नसत. सॅकला टॅग, तंबूला टॅग, स्लीपिंग बॅगला टॅग. हे स्लीपिंग बॅगेत शिरत तेव्हा टॅग बाहेर हनुवटीवर येई आणि किंमत वाचता येई.

परत पाठवायचा माल अर्थातच माझ्याच काउंटरवर यायचा. हे रांगेत उभे राहायचे, नंबर आला की परक्या माणसासारखे खोकं पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "जरा सांभाळून, बाई." मी वजन करायची, शिक्का मारायची. आमच्या डोंगराची सॅक मीच माझ्या हाताने तीनदा परत पाठवली आहे. माझ्या साहेबांच्या मते नवरा-बायकोने एकमेकांच्या कामाला असा हातभार लावण्याचं हे दुर्मीळ उदाहरण आहे.

तंबू आला तेव्हा त्याची चाचणी दिवाणखान्यात घ्यावी लागली, कारण बाहेर घेतली असती तर तो वापरलेला ठरला असता. फरशीत खुंट्या जात नाहीत. म्हणून एक दोरी फ्रिजच्या मुठीला, एक दाराच्या कडीला, एक सोफ्याच्या पायाला आणि चौथी सासूबाईंच्या आरामखुर्चीच्या हाताला बांधली. खुर्ची हलकी, त्यामुळे सासूबाई बसलेल्या असल्या की तंबू ताठ. त्या उठल्या की तंबू बसे. त्यांनी शक्यतो पूर्वसूचना देऊन उठावं, अशी नम्र विनंती ह्यांनी त्यांना केली. फ्रिज उघडला की तंबूला वाऱ्याचा झोत लागल्यासारखं होई, आणि तो त्या वाऱ्यात कसा टिकला याची माहिती रविवारी मंडळात दिली जाई. चहाच्या दुधापायी मी त्या तंबूवर बरीच वादळं आणली. सासूबाई तंबूच्या जाळीतून टीव्ही बघायला शिकल्या. उतारवयातही माणूस नवं शिकू शकतो, हे यावरून सिद्ध होतं.

मी रजा घेतली. मंजूर झाली. तेवढ्यात शंभर ग्रॅमनी हलकी शेगडी बाजारात येणार असल्याची बातमी आली आणि रजा रद्द करावी लागली. पुन्हा रजा घेतली. तेव्हा हवामान फार चांगलं होतं. अशा हवेत पावसाच्या कोटाची परीक्षा होणार नाही, आणि परीक्षा होणार नसेल तर कोट नेणं म्हणजे निव्वळ ओझं, आणि कोट न नेता जाणं म्हणजे धोका, असं ह्यांनी मला शांतपणे समजावून सांगितलं. त्यात चूक काढायला जागा नव्हती. त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. राग आला होता, पण राग धरावा असं काही हे करत नव्हते. जाऊ या, असंच तर म्हणत होते.

या काळात ह्यांनी मंडळापुढे आपला सुप्रसिद्ध आलेख मांडला. त्यातलं तर्कशास्त्र लहान मुलालाही कळेल. एका माणसाचं एका दिवसाचं खाणं सहाशे ग्रॅम. तीन दिवसांऐवजी दोन दिवस गेलं की सहाशे वाचले. एकच दिवस गेलं की आणखी सहाशे, शिवाय मुक्काम नाही म्हणून तंबू नको, तंबू नको म्हणून खुंट्या नकोत. सकाळी जेवून निघालं आणि जेवायच्या वेळेला परत आलं तर शेगडी नको. पायथ्यापासून परतलं तर पाणीही नको. आलेखाची रेघ अशी खाली खाली येत आमच्या घराच्या उंबऱ्यापाशी शून्याला टेकली. अध्यक्षांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तो आलेख आता त्यांच्या दवाखान्यात, आ करून पडलेल्या पेशंटला नीट दिसेल असा छताला लावला आहे.

तिसरी रजा माझी त्या वर्षातली शेवटची होती. तोवर पाचशे चाळीस ग्रॅमची सॅक आली होती आणि हिच्यापुढे आता काही नाही, असं स्वतः अध्यक्ष म्हणाले होते. निळसर करडा रंग, पाठीला जाळी, कमरेला पट्टा, बाजूला दोन खिसे. मी हरखून गेले. सामान भरलं, डबा घासून ठेवला. आदल्या संध्याकाळी हे ऑफिसातून आले ते चप्पल न काढताच खुर्चीवर बसले. बाजारात चारशे ऐंशीची आली होती.

"आणखी एकच महिना," हे म्हणाले. "साठ ग्रॅम म्हणजे काय थोडे झाले?"

"साठ ग्रॅम म्हणजे एक लहानसा कांदा," मी म्हटलं. "तो मी उचलीन."

हे हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं.

सकाळी हे तंबूत झोपले होते, टॅग हनुवटीवर. मी स्वयंपाकघरातली कात्री आणली आणि सॅकचा टॅग कापला. इतका बारीक आवाज, पण सासूबाई खुर्चीत जाग्याच होत्या. त्यांनी टॅगकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मला वाटलं आता हाक मारतात.

"अगं, वर गार असेल," त्या हळूच म्हणाल्या. "माझी शाल घेऊन जा."

शाल नऊशे ग्रॅमची, म्हणजे तिच्यापेक्षा सॅक हलकी. मी घेतली. स्टीलचा डबा घेतला, अखंड चमचा घेतला, पूर्ण दांडीचा ब्रश घेतला. मला दारापर्यंत पोचवायला म्हणून सासूबाई पूर्वसूचना न देता उठल्या, आणि तंबू ह्यांच्यावर बसला. आतून ह्यांचा आवाज आला, पण चेन हिसका देऊन उघडली तर गॅरंटी जाते हे त्या अवस्थेतही ह्यांच्या ध्यानात होतं, त्यामुळे त्यांना वेळ लागला. तोवर मी जिना उतरले होते. वाट मला मेकॅनिकने सांगून ठेवली होती.

मी गेले, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले.

दार ह्यांनीच उघडलं. माझ्या खांद्यावरून त्यांची नजर सॅककडे गेली आणि तिथेच राहिली. तळाला चिखल, डाव्या खिशाला खरचटलेलं, पट्ट्याला घामाचा पांढरा डाग. मी बोलणी खायच्या तयारीने उभी होते. ह्यांनी सॅक दोन्ही हातांनी उतरवून घेतली, रिकामी केली आणि काट्यावर ठेवली. पाचशे एकसष्ट भरली.

"एकवीस ग्रॅम चिखल," हे म्हणाले. "धुवू नकोस."

सासूबाईंनी शाल सांभाळून आणली का, एवढं विचारलं. आणली होती.

पुढच्या रविवारी ती सॅक तळघरात टेबलावर ठेवली होती आणि लोक रांगेने येऊन चिखलाला बोट लावत होते. मंडळाच्या इतिहासात वापरलेली वस्तू प्रथमच बघायला मिळत होती. ह्यांचं व्याख्यान झालं: 'पाचशे चाळीस ग्रॅम: एक प्रत्यक्ष अनुभव'. ह्यांनी ते फार तन्मयतेने केलं. आपण स्वतः तंबूत होतो, ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. (तंबूच्या मजबुतीबद्दलच्या भागात ती आलीच.) शेवटी मलाही व्यासपीठावर बोलावलं, नारिंगी रंगाची एक शिट्टी भेट दिली आणि प्रश्न विचारायला सभा मोकळी केली.

प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. कमरेचा पट्टा टोचतो का. जाळीतून पाठीला वारा लागतो का. बाजूच्या खिशात लिटरची बाटली मावते का. अध्यक्षांनी विचारलं की शिवण उसवली तर हिरड्या शिवायचा दोरा चालेल का. एका सभासदाने चिखल कोणत्या बाजूने लागला ते वहीत काढून घेतलं. मी सगळ्यांना खरी उत्तरं दिली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या काउंटरवर निळसर करड्या सॅकची खोकी यायला लागली, आणि अजून येताहेत, आणि टॅगसकट परत जाताहेत.

पण पलीकडे काय आहे, हे त्या एकेचाळीस जणांपैकी एकानेही विचारलं नाही. मेकॅनिकनेही नाही, पण त्याला ठाऊक आहे. ह्यांनी तर अजूनही विचारलेलं नाही. सुरुवातीला मला वाईट वाटलं, आता वाटत नाही. तुम्हीसुद्धा इथपर्यंत वाचत आलात. सॅकचं वजन तुम्हाला पाठ झालं, रंग पाठ झाला, शाल सॅकपेक्षा जड होती हे कळलं, चिखल किती ग्रॅम लागला तेही कळलं. मी तीन दिवस तुमच्या डोळ्यांदेखत एका ओळीत जाऊन आले, तेव्हा तुम्ही पुढची ओळ वाचायला घेतलीत. असो. दुकानाचा पत्ता हवा असेल तर काउंटरवर या, मला तोंडपाठ आहे.