चार मिनिटांतला मेंदू

सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी मेंदू-संशोधन विभागाच्या प्रमुखांनी स्वतःच्या सासूबाईंना स्कॅनरमध्ये सरकवलं.

तसा बेत नव्हता. काचेपलीकडे समिती बसली होती आणि ठरलेला स्वयंसेवक ऐनवेळी तापाने फणफणला होता. सासूबाई आल्या होत्या जावयाचा घरी विसरलेला चष्मा द्यायला. मेंदूचा कुठला भाग काय काम करतो, याचा नकाशा काढायला दीड तास लागतो. प्रमुखांचं संगणकी मॉडेल चारच मिनिटं स्कॅन घेई आणि उरलेलं अंदाजाने भरी. विभाग ठेवायचा की गुंडाळायचा, हे आज त्या चार मिनिटांवर ठरणार होतं.

नकाशा पडद्यावर आला. रंगीत, देखणा. प्रमुखांनी खालचा निष्कर्ष खणखणीत वाचला. "भाषा उत्तम. आत्मविश्वास भरपूर. स्मरणशक्ती बेताची."

"कोणाची बेताची?" सासूबाई ट्रेमधल्या केसांच्या पिना उचलत म्हणाल्या. "चष्मा कोण विसरलं, जावईबापू?"

"आई, हे यंत्राचं मत आहे."

"मग यंत्राला म्हणावं, ऐक." त्यांनी बारा नातेवाइकांचे फोन नंबर धडाधड म्हणून दाखवले. तेराव्याला समितीच्या अध्यक्षांनी हात जोडले.

तंत्रज्ञ बाई पडद्याकडे निरखून बघत होत्या. "सर, हा तर तुमचाच नकाशा की!"

मॉडेलला शिकवायला एक्केचाळीस मेंदू हवे होते. स्वयंसेवक वेळेवर येत नसत, प्रमुख रोज येत. त्यामुळे त्यांतले अडतीस मेंदू त्यांचेच होते, वेगवेगळ्या दिवशी घेतलेले. शोधनिबंधात याला 'एकजिनसी नमुना' म्हटलं होतं.

"योगायोग," प्रमुख घाम पुसत म्हणाले.

"बघू, माझा काढा," म्हणत अध्यक्ष आत शिरले. चार मिनिटांनी पुन्हा तेच: भाषा उत्तम, आत्मविश्वास भरपूर.

"अगदी बिनचूक!" अध्यक्ष खूश झाले. "स्मरणशक्तीचं सोडा." त्यांनी मंजुरीचा कागद पुढे ओढून पेन उघडलं.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "माझा तो दीड तासवाला काढा. दोन्ही शेजारी ठेवा, मग सही करा. मला वेळ आहे."

सगळ्यांसमोर नाही म्हणणार कोण? पेन खिशात गेलं.

दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी स्कॅन संपायला अकरा मिनिटं उरली होती. प्रमुखांनी माइक जवळ ओढला. "आई, कंटाळला असाल तर थांबवू का?"

यंत्राच्या खडखडाटातून आवाज आला, "बोलू नका, जावईबापू. मनात नंबर म्हणतेय. एकशे चौदावा चालू आहे."

सहीची जागा तेव्हाही कोरी होती.