सोळा किलोचं आजारपण

इंद्रजीतची केटलबेल दुसऱ्या मजल्यावर पोहोचवायला दोन माणसं लागली. एक, दम लागण्याआधीचा पार्सलवाला आणि दुसरा, दम लागल्यानंतरचा तोच. इंद्रजीतने त्याला पाणी दिलं, चहाचं विचारलं, जेवून जा असंही म्हटलं. "नको भाई, बहुत डिलिव्हरी बाकी है," म्हणत तो खाली पळाला. औरंगपुऱ्याच्या मागच्या बोळातल्या त्या खोलीत त्या महिन्यात झालेलं हे सगळ्यात लांबलचक संभाषण होतं.

केटलबेल म्हणजे वर कडी असलेला सोळा किलोचा लोखंडी गोळा. व्हिडिओतल्या माणसाच्या म्हणण्याप्रमाणे या एका गोळ्याने पाठ ताठ होते, कंबर मजबूत होते, खांदे भरतात, दम वाढतो आणि झोप चांगली लागते. इंद्रजीतला झोप तशी भरपूर लागायची. ऑफिसातून आल्यावर करण्यासारखं दुसरं काही नसायचंच. पैठणहून वडिलांनी फोनवर एवढंच विचारलं, "वजन उचलायला पैसे दिले? आरं, हिकडं ये की. कांद्याच्या गोण्या पडल्यात, फुकट उचल."

रविवारी सकाळी त्याने व्हिडिओ लावला. "गोळा हाताने नाही, कमरेने झुलवा," माणूस म्हणाला. इंद्रजीतने कमरेने झुलवला. तळहाताला घाम होता. गोळा सुटला आणि फरशीवर असा आदळला की स्वयंपाकाच्या ओट्यावरचे सगळे चमचे एकदम बोलले.

खालच्या खोलीतून चतुराबाईंची हाक आली. चतुराबाई सत्तरीच्या, एकट्याच राहायच्या. वर्षभरात दोघांचं बोलणं "पाणी आलं का?" आणि "आलं" यापलीकडे गेलं नव्हतं.

"काय रं पोरा, पडलास का काय?"

खरं उत्तर 'नाही, गोळा पडला' हे होतं. पण 'नाही' म्हटलं की माणसं पुढचं विचारत नाहीत, हे इंद्रजीतला अनुभवाने माहीत होतं.

"हो, मावशी."

जिन्यात पावलं वाजली. त्याने गोळा पायाने खाटेखाली ढकलला आणि आडवा झाला. चतुराबाई हळदीचं दूध घेऊन आल्या.

"कुठं लागलं?"

"कमरेत."

"डावीकडं का उजवीकडं?"

"मधोमध."

आजाऱ्याला बघायला जाणं हे त्या इमारतीत सगळ्यांनाच आवडायचं, पण बऱ्याच दिवसांत कोणी आजारीच पडलं नव्हतं. दुपारी शेजारचे सर्जेराव आणि त्यांच्या पत्नी आवडाबाई केळी घेऊन आले. सर्जेराव एसटीतून निवृत्त झालेले. ते खाटेच्या कडेवर बसले, एक केळं सोलून खाल्लं आणि म्हणाले, "यार, वर्ष झालं शेजारी राहतो, नाव काय तुझं?"

इंद्रजीतने नाव सांगितलं. आवडाबाईंनी गाव विचारलं, मग तालुका, मग लग्न. संध्याकाळपर्यंत खोलीत इतकं बोलणं झालं की त्याचा घसा बसला.

सोमवारी त्याला बरं वाटायला हवं होतं. पण बरं वाटल्यावर येणार कोण? म्हणून त्याने दुखणं पायात उतरवलं.

"पायात उतरलं?" सर्जेराव गंभीर झाले. "म्हणजे नस दबली. माझ्या मेव्हण्याचं अस्संच झालं होतं."

"मग?"

"मग काय, गेला."

"कुठं?"

"पुण्याला. पोराकडं."

मंगळवारी सर्जेराव फर्दापूरहून फकिरा नावाच्या हाडवैद्यालाच घेऊन आले. फकिराने इंद्रजीतला पालथा केला, पाठीवरून अंगठा फिरवला आणि डोळे मिटले. "नस लई आत गेली. पायाला वजन लावून ताणावी लागंल. दहा-पंधरा किलोचं काही हाय का?"

"नाही," इंद्रजीत घाईने म्हणाला.

"हे काय हाय मग?" खाटेखाली वाकलेल्या आवडाबाई म्हणाल्या. "कडी बी हाय ह्याला!"

फकिराला गहिवरून आलं. "असलं सामान मोठ्या दवाखान्यात बी नाय. पोरानं आधीच आणून ठेवलं!"

आवडाबाईंच्या जुन्या साडीचं एक टोक इंद्रजीतच्या घोट्याला आणि दुसरं गोळ्याच्या कडीला बांधलं गेलं. सर्जेरावांनी त्याचे खांदे धरले, चतुराबाईंनी कपाळावर हात ठेवला. इतकी माणसं एकाच वेळी आपल्याला धरून आहेत, हे इतकं छान वाटत होतं की इंद्रजीत गप्प राहिला. मग फकिराने गोळा खाटेच्या कडेवरून खाली सोडला.

"मी पडलोच नव्हतो!" इंद्रजीत किंचाळला. "तो गोळा पडला होता! व्यायामाचा आहे तो!"

सर्जेरावांनी त्याचे खांदे सोडले.

"मग माझ्या अंगठ्याला लागली ती नस कोणती?" फकिराने दुखावून विचारलं.

"खोटं कशाला बोललास रे?" सर्जेराव म्हणाले.

"मावशींनी विचारलं म्हणून."

हे उत्तर कोणालाच पुरलं नाही. सर्जेरावांनी उरलेली केळी उचलली, आवडाबाईंनी साडीची गाठ न सोडताच "राहू दे तुलाच" म्हटलं. फकिरा जिना उतरतानाही नस शोधत होता.

चतुराबाई तेवढ्या उशापासून हलल्या नाहीत.

"चुकलं, मावशी."

"मला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवशीच. पडलेला माणूस आधी 'आई गं' म्हणतो. तू 'हो, मावशी' म्हणलास."

"मग दूध का आणलंत?"

चतुराबाई वाकून त्याच्या पायाची गाठ सोडू लागल्या. गाठ पक्की होती. "एकटीपुरतं दूध तापवलं की बुडाला लागतं," त्या खाली बघतच म्हणाल्या. "भांडं मोठं हाय माझं."

गाठ सुटली. त्यांनी दुधाचा रिकामा पेला उचलला, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"उद्या काय दुखणार हाय, ते आत्ताच सांगून ठेव. गुडघा असंल तर डिंकाचे लाडू करावे लागतील."

इंद्रजीतने ताबडतोब गुडघे धरले.

"दोन्ही, मावशी."