एकोणतीस गुणांची बाटली

परीक्षक बरोबर चार वाजता येणार होते आणि त्याआधी घरात कसलाही वास उरता कामा नये, असा चिंगीच्या बाबांचा हुकूम होता.

"कसलाही म्हणजे?" चिंगीच्या आईने विचारलं. तिच्या एका खांद्यावर नऊ महिन्यांची चिंगी होती आणि दुसऱ्या खांद्यावर चिंगीने नुकतंच बाहेर काढलेलं दूध.

"स्वयंपाकाचा, साबणाचा, अत्तराचा, पावडरचा. नियमच आहे मंडळाचा. परीक्षकांचं नाक गोंधळतं."

"आणि हिचा?"

बाबांनी लेकीकडे नीट पाहिलं. प्रश्न अवघड होता. "हिला तेवढा अर्धा तास… बाल्कनीत?"

"तुझ्या बिअरसाठी मी हिला बाल्कनीत ठेवू?"

"बिअर काय म्हणतेस सरसकट! ब्राऊन एल आहे ती."

चिंगीचे बाबा दिवसा विमा कंपनीत बसून लोकांच्या वाकलेल्या गाड्यांचे दावे तपासत आणि घरी आले की छोट्या खोलीत शिरत. तिथे भाजलेलं धान्य उकळायचं, ते तपकिरी पाणी पिंपात भरायचं, त्यात यीस्ट सोडायचं आणि मग दोन आठवडे दिवस भरत आलेल्या बाईकडे बघावं तसं त्या पिंपाकडे बघत राहायचं. चिंगीच्या वेळी ते आपल्याकडे इतक्या काळजीने कधी बघत नव्हते, हे चिंगीच्या आईच्या चांगलं लक्षात होतं. पिंपाच्या झाकणावर पाणी भरलेली एक वाकडी नळी होती. आतला वायू तिच्यातून बाहेर पडे आणि दर अर्ध्या मिनिटाला आवाज येई. गुडुक. एक पिंप रिकामं झालं की दुसरं गुडगुडू लागे. भिंतीच्या अलीकडे चिंगीचा पाळणा होता आणि पाळण्याशेजारी तिची आई हा गुडुक मोजत बसलेली असे.

छोटी खोली चिंगीला हवी, यावरून सहा महिने वाद चालला होता. शेवटी तह झाला. घरी बिअर बनवणाऱ्यांच्या मंडळाचे परीक्षक पन्नासपैकी गुण देतात आणि तीस मिळाले तर वार्षिक स्पर्धेत प्रवेश मिळतो. तीस मिळाले तर खोली पिंपाची, नाही मिळाले तर चिंगीची. बाबांनी हे कागदावर लिहून सही केली होती आणि चिंगीच्या आईने तो कागद लसीकरणाच्या फायलीत, म्हणजे घरातल्या सर्वांत सुरक्षित जागी ठेवला होता.

"चिंगे, तुझ्या आईला सांग," आजी सोफ्यावरून म्हणाल्या, "टेबलाखालचं ते पुठ्ठ्याचं खोकं दिसतंय. माणूस यायचाय घरी."

आजी आठ दिवस सुनेशी थेट बोलत नव्हत्या. चिंगीची दुधाची बाटली घासायचा निळा ब्रश महिन्यापूर्वी घरातून नाहीसा झाला होता आणि सुनेने शोधून शोधून थकल्यावर एकदा विचारलं होतं, "आई, तुम्ही चुकून फेकला नाहीत ना?" त्यातला 'चुकून' आजींनी ऐकला नव्हता. तेव्हापासून सगळा पत्रव्यवहार चिंगीच्या मार्फत.

"त्यात डायपर आहेत, आई. दुसरीकडे जागाच नाहीये. छोट्या खोलीत पिंप आहे ना." तिने पायाने खोकं आणखी आत सरकवलं आणि वर टेबलक्लॉथ ओढला.

परीक्षक आले ते पांढरा शुभ्र सदरा घालून. हयातभर पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत पाणी चाखून निवृत्त झालेले गृहस्थ. पाण्यात काहीच सापडत नाही म्हणून कंटाळून या मार्गाला लागले असावेत. त्यांनी पिशवीतून तीन ग्लास, कोरडा पाव, छापील तक्ता आणि टोक केलेल्या दोन पेन्सिली काढल्या.

"वासाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, तोंडात किती भरीव लागते त्याला पाच आणि एकूण परिणामाला दहा," ते म्हणाले. "मी ओळखदेख बघत नाही. माझ्या सख्ख्या मेव्हण्याला मी अकरा दिले आहेत."

"मग?" आजींनी उत्सुकतेने विचारलं.

"मग काही नाही. चार वर्षं झाली, आला नाही घरी. उघडा बाटली."

बाबांनी तान्ह्या बाळासारखी बाटली दोन्ही हातांत धरून आणली. झाकणाला ओपनर लावला. फुस्स असा आवाज यायला हवा होता. पण बाटलीने आधी एक उचकी दिली, मग फेस वर आला आणि मग बाटलीतलं जे काही होतं ते सगळं एकदम छताकडे निघालं. परत खाली आलं तेव्हा त्यातलं निम्मं परीक्षकांच्या सदऱ्यावर होतं. चिंगी आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या वाजवायला शिकली.

"रूप," परीक्षक चष्मा पुसत म्हणाले, "शून्य."

"सर, ही एखादीच अशी… दुसरी उघडतो."

दुसरीही तशीच. फक्त या वेळी परीक्षक तयारीत होते, त्यांनी पिशवीतली छत्री उघडली होती. ग्लासात उरलेले दोन घोट त्यांनी हुंगले, जिभेवर फिरवले आणि डोळे मिटले. पलीकडून फक्त गुडुक आलं.

"आंबूस. आतमध्ये जंतू वाढलेत, म्हणून उसळते आहे. आणि मागे दुधाची चव आहे." त्यांनी डोळे उघडले. "तुम्ही यात दूध घालता?"

"छे हो सर! धान्य, पाणी, यीस्ट… दूध कुठून येणार? बाटल्या मी स्वतः घासल्यात, आतून, तळापर्यंत."

"कशाने?"

बाबांनी ओपनर खाली ठेवला. दावे तपासणाऱ्या माणसाला आपलाच दावा कुठे फाटतो आहे ते लगेच कळतं. पण चिंगीच्या आईला ते त्यांच्याही आधी कळलं.

आता खरं तर तिने गप्प बसायचं. दोन बाटल्या उसळल्यात, शून्याने खातं उघडलंय, खोली हातात आली आहे, आणखी पाच मिनिटं तोंड मिटून ठेवलं की काम फत्ते. हे सगळं तिला समजत होतं. पण महिनाभर तिने त्या ब्रशसाठी फ्रिजमागे मेणबत्ती धरून शोध घेतला होता, सासूचा अबोला सोसला होता, आणि आता ते तोंड मिटेना.

"निळ्या ब्रशने?" तिने विचारलं.

"अगं, त्याचं डोकं इतकं छान तळापर्यंत जातं…"

"चिंगीच्या ब्रशने तू दारूच्या बाटल्या घासल्यास?"

"धुऊन घेतला होता! आणि परत नाही ठेवला, शप्पथ. मोडला तो. म्हणून तर सांगितलं नाही."

चिंगीच्या आईने फोन काढून डॉक्टरांना लावला. या आठवड्यातला हा चौथा फोन होता. ब्रश बिअरला लागला, नंतर बाळाला लागला नाही, तरी काही होईल का, असं तिने विचारलं. डॉक्टरांनी बाळ काय करतंय ते विचारलं. टाळ्या वाजवतंय, ती म्हणाली. "मग तुम्हीपण वाजवा," म्हणून डॉक्टरांनी फोन ठेवला.

"चिंगे," आजी सोफ्यावर ताठ होत म्हणाल्या, "तुझ्या आईला विचार, ब्रश कोणी घेतला होता?" मग थोडं थांबून, चिंगीला मध्ये न घेता म्हणाल्या, "आणि तुला मी सांगत होते ना गं, की मी नाही!"

"चुकलंच माझं, आई."

"असू दे. पोटचा पोरगाच असा निघाला, तुला काय बोलू."

परीक्षक हे सगळं पाव चावत शांतपणे ऐकत होते. प्रयोगशाळेतल्या माणसाला कारण सापडलं की आनंद होतो. "ब्रश कितव्या बाटलीला मोडला?" त्यांनी विचारलं.

"बाराव्या. पुढच्या आठ नुसत्या उकळत्या पाण्याने धुतल्या."

"मग त्या आठांतली आणा. दोष बाटलीचा होता, एलचा नव्हे. जुने गुण रद्द."

चिंगीच्या आईने कपाळावर हात मारून घेतला. स्वतःच्याच तोंडाने स्वतःची खोली घालवणारी बाई जगात दुसरी नसेल.

तिसरी बाटली फुस्स म्हणून सभ्यपणे उघडली. ग्लासात जुन्या लाकडी कपाटाच्या रंगाची एल उतरली, वर बोटभर फेस, आणि तो टिकला. परीक्षकांनी हुंगलं. "भाजलेल्या पावाची कड. जळू दिलेली साखर. शेवटी अक्रोड." एक घोट घेतला, बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले आणि पेन्सिल चालवू लागले. बाबा उलटे आकडे सुलटे वाचायचा प्रयत्न करत मान इतकी वाकडी करून उभे होते, की चिंगीनेही तशीच मान वाकडी केली.

"तीस," परीक्षक म्हणाले. "काठावर, पण तीस."

बाबांनी आजींना मिठी मारली. चिंगीच्या आईने टेबलाशी जाऊन ग्लास नाकाशी धरला. प्यायची नव्हतीच तिला, चिंगी अजून अंगावर पीत होती. पण ज्याच्यापायी खोली गेली त्याचा वास तरी बघावा. चिंगी झाल्यापासून तिचं नाक पोलिसी कुत्र्यासारखं झालं होतं. तिसऱ्या खोलीतला ओला डायपर तिला झोपेत कळे.

"पाव आहे," ती हळूच म्हणाली. "साखर आहे. पण पुठ्ठ्याचा वास का येतोय?"

परीक्षकांची पेन्सिल थांबली. "कशाचा?"

"पुठ्ठ्याचा. कोरा पुठ्ठा असतो ना, तसा."

परीक्षकांनी ग्लास घेतला, वाकून, टेबलाच्या कडेला टेकून पुन्हा हुंगलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "खरंय हो. पुठ्ठा. बाटली भरताना हवा लागली की येतो हा वास. माझ्याकडून निसटला होता." त्यांनी वासाच्या सातवर काट मारून सहा केले. "एकोणतीस."

"सर, एक गुण!" बाबा ओरडले.

"माझ्या मेव्हण्याला विचारा," परीक्षक म्हणाले आणि ओला सदरा सावरत निघाले. दारात थांबून चिंगीच्या आईला म्हणाले, "बाई, नाक फार मोठं आहे तुमचं." त्यांनी ते कौतुकानेच म्हटलं होतं.

बाबा शब्दाचे पक्के निघाले. त्याच संध्याकाळी त्यांनी गुडगुडतं पिंप मोरीत ओतलं, वाकडी नळी पुसून कपाटावर ठेवली आणि जेवताना फक्त "मीठ दे" एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी छोटी खोली पुसून, वाळवून चिंगीचा पाळणा तिथे गेला. चिंगीच्या आईने खिडकीला पिवळा पडदा लावला आणि दारात उभं राहून खोलीकडे डोळे भरून पाहिलं.

चिंगी झोपली नाही.

चिंगीची आई झोपेची वही ठेवत असे. आधीच्या दोन महिन्यांत दुपारची झोप: दोन तास, दोन तास दहा मिनिटं, पावणेदोन तास. हे आपल्या शिस्तीचं फळ आहे, असं ती सगळ्या मैत्रिणींना सांगत आली होती. आता: वीस मिनिटं. पंधरा मिनिटं. तिसऱ्या दिवशी नुसती रेघ. खोली अंधारी करून झाली, उजेड करून झाला, पाळणा हलवून झाला, न हलवून झाला. चिंगी लाल होऊन रडे, मध्येच थांबे, भिंतीकडे कान देऊन कशाची तरी वाट बघे आणि ते न आल्यामुळे दुप्पट जोराने रडे.

"सूनबाई," चौथ्या दिवशी आजी म्हणाल्या, "पोरीला त्या पिंपाची सवय लागलीय गं."

रविवार होता, बाबा घरी होते. त्यांना पाण्याचा ग्लास आणि स्ट्रॉ देऊन दाराआड बसवण्यात आलं. दर अर्ध्या मिनिटाला एक बुडबुडा. गुडुक. चिंगी गप्प झाली. गुडुक. डोळे जड झाले. दहाव्या मिनिटाला बाबांना ठसका लागला आणि सगळं मुसळ केरात.

"ताल चुकतोय तुझा," आजी म्हणाल्या. "पिंप बरं होतं तुझ्यापेक्षा."

चिंगीला खांद्यावर टाकून आई येरझाऱ्या घालू लागली. चालता चालता तिचा पाय टेबलाखालच्या खोक्याला लागला. खोली मिळाल्यावर ते हलवायचं राहूनच गेलं होतं. ती डायपर काढायला खाली वाकली, आणि वाकली ती तशीच राहिली. तिने हुंगलं. पुन्हा हुंगलं. कोरा पुठ्ठा.

तिने स्वयंपाकघरात जाऊन दार लावलं आणि परीक्षकांना फोन केला.

"मी बोलतेय, एकोणतीसवाली. तुमच्याकडे पुनर्तपासणी होते का हो?"

"हरकत कोणाची आहे? यजमानांची?"

"नाही, माझी. तो पुठ्ठा एलमधला नव्हता. टेबलाखालच्या खोक्याचा होता. खोकं मीच ठेवलं होतं."

पलीकडून पेन्सिलीची खरखर ऐकू आली. प्रयोगशाळेतल्या माणसाला दुसऱ्यांदा कारण सापडलं होतं. "खोकं जपून ठेवलंय?"

"आहे तसंच आहे."

"मग बाटली एका खोलीत आणि खोकं दुसऱ्या खोलीत ठेवा. उद्या चारला येतो. सिद्ध झालं तर गुण परत मिळेल."

"सिद्ध होईलच हो," चिंगीची आई म्हणाली. बाहेर चिंगीच्या बाबांना पुन्हा ठसका लागला आणि खांद्यावरच्या चिंगीने गळा काढला. आईने फोनवर हात धरून आवाज खाली आणला. "पण मी काय म्हणते, निकाल उद्या लागला तरी पिंप आजच भरायला घेतलं, तर चालतं का नियमात?"