दहाव्या फेऱ्याचं आमेन

रोज सकाळी विहिरीवर बाईच्या आवाजात बोलणारा पुरुष सगळ्या वटार गावात एकच होता. पास्कूकाका.

मिशा ओठांवरून हनुवटीकडे उतरलेल्या, छाती रुंद, आणि त्या छातीतून निघणारा आवाज मांजराच्या पिल्लाचा. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा लग्न होऊन आठ दिवस झाले होते. कळशी तिथेच टाकून घरी पळाले. सासूबाई म्हणाल्या, "घाबरू नको. पास्कू रोजरीची जपमाळ म्हणतो."

त्याचं असं झालं. पुष्कळ वर्षांपूर्वी उपवासकाळात बाहेरगावचे एक फादर प्रवचनाला आले. ते म्हणाले, प्रार्थनेला वेळ नाही असं म्हणू नका, काम करता करता देवाला भेटा. बाकीच्यांनी माना हलवल्या आणि घरी जाऊन जेवले. पास्कूकाकांनी मनावर घेतलं.

"देव काय रविवारचा पावना हाय?" असं ते उठता-बसता विचारत. आणि देव रोजचा म्हणून त्यांचं सगळं मोजमापही देवाचंच. अंडं उकडायला वीस वेळा 'नमो मरिया'ची प्रार्थना. वटारपासून वसईचा बाजार दीड रोजरी, डोक्यावर केळीचा घड असला तर दोन. एकदा ताप आला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "ताप केव्हा चढतो?" काका म्हणाले, "सकाळच्या दुसऱ्या लितानीच्या प्रार्थनेला." कुणाच्या घरी टांगलेलं घड्याळ पाहिलं की म्हणत, "ह्यो नुसता बडबडतो. म्हनत काय नाय."

पण खरी गंमत तांबड्याची. तांबड्या म्हणजे काकांचा बैल. तेव्हा आमच्याकडे इंजिनं आली नव्हती, वाड्यांना रहाटाचं पाणी. बैल गोल फिरायचा, गाडगी भरून वर यायची, पाटातून पाणी पानवेलींना आणि केळींना जायचं. बैलाच्या मागे फिरता फिरता काका रोजरी म्हणत. एक फेरा, एक नमो मरिया. असे दहा फेरे झाले की थांबायचं, 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणायची, आमेन झालं की पुढचे दहा. वर्षानुवर्षं असं चालल्यावर तांबड्याला हिशेब पाठ झाला. दहाव्या फेऱ्याला तो आपोआप उभा राही आणि आमेन ऐकल्याशिवाय पाय उचलत नसे. आमच्या चर्चमध्ये इतकं लक्ष देऊन ऐकणारी माणसं थोडी असतील.

प्रत्येक प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग काका म्हणत. दुसरा अर्धा कातरीनकाकी, विहिरीजवळच्या दगडावर कपडे धुता धुता. काकी वारल्या, आणि तो दुसरा भागही काका म्हणू लागले, काकींच्या आवाजात.

लोक हसत. काका म्हणत, "माज्यासाठी नाय रं. तांबड्याला बाईचाच आवाज लागतो. जनावराला सवय लागली ती लागली."

काकींच्या दगडावर मात्र ते कुणाला धुवू देत नसत. रोज त्यावर कळशीभर पाणी ओतत. का, तर "उन्हानं तापतो."

एकदा शेजारच्या वामनभाऊंचा बैल लंगडला. त्यांनी तांबड्या मागून नेला. काकांनी बजावलं, "दहाव्या फेऱ्याला थांबंल. मंग बारीक आवाजात आमेन म्हन."

"मी? बायकी आवाजात? माझ्या वाडीत?"

"मंग नको म्हनू. उबा राहा बैलाबरोबर."

दुपारी मी भाऊंच्या वाडीच्या कुंपणाकडे वाळलेली लाकडं गोळा करत होते. तांबड्या दहा फेरे फिरला आणि थांबला. वामनभाऊंनी शेपूट पिरगाळलं. गूळ दाखवला. 'विठ्ठल विठ्ठल' म्हणून पाहिलं. तांबड्याने गूळ तेवढा खाल्ला. शेवटी भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आपल्या जाड्या आवाजात ओरडले, "आमेन रे बाबा, आमेन!"

तांबड्या निघाला!

मग भाऊंना मी दिसले. कानापर्यंत लाल झाले. "वहिनी, कुणाला सांगू नका हां."

त्यांनी सांगायची गरज नव्हती. मी सासऱ्यांसमोरसुद्धा मान हलवून उत्तर देत असे. पण लाकडं घेऊन घरी येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. तांबड्याला आवाज कुठलाही चालतो.

पुढे गुड फ्रायडे आला. काका त्या दिवशी शोकगीतं अशी गात की मागच्या बाकावरची लहान मुलं रडत. त्या वर्षी गळा पार बसला. जाडा आवाज थोडा उरला, बारीक गेला तो गेलाच.

आणि रहाट बंद पडला.

तीन दिवस काका कळशीने पाणी काढून पानवेलींना घालत होते. साठीचा माणूस, वर वैशाखासारखं ऊन. तांबड्या जुंपलेला, रवंथ करत त्यांच्या खेपा बघतोय. वेलींची खालची पानं पिवळी पडली.

वामनभाऊ कुंपणावरून म्हणाले, "काका, तुमच्याच आवाजात आमेन म्हणून तर बघा."

"ऐकत नाय तो."

"बघा तरी!"

"ऐकत नाय म्हनलं ना!"

"मग त्याला चांदीप गावाला देऊन टाका भातशेतीवर. नांगराला फेरे मोजायला लागत नाहीत."

भाऊंनी कुंपणाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे.

चौथ्या सकाळी काका तांबड्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. "जा बाबा चांदीपला. माज्यापायी वेली मरतील." शेवटचं म्हणून त्यांनी एकदा रहाट फिरवला. दहा फेरे झाले. तांबड्या थांबला. काकांनी घोगऱ्या आवाजात 'आमच्या बापा' सुरू केली, अर्ध्यावर आले आणि सवयीने थांबले.

काकांच्या आणि आमच्या वाडीमधल्या कुंपणाच्या अलीकडे मी कपडे पिळत होते. हातातली चादर तशीच धरली.

"आमची रोजची भाकर आज आम्हांस दे..."

कसं म्हटलं, देवाला ठाऊक. डोळे मिटूनच म्हटलं. शेवटी आमेन म्हटलं आणि रहाट कुरकुरला. पाटात पाणी आलं.

काकांनी मागे वळून पाहिलं नाही. पूर्ण रोजरी झाली, वेली भिजल्या, तेव्हा मिशा पुसत म्हणाले, "आवाज लहान हाय तुजा, पोरी."

मी चादर दोरीवर टाकली.

"चालंल. तांबड्याला आवडला." मग काकींच्या दगडाकडे बोट दाखवून म्हणाले, "कुंपनाआडनं त्याला नीट ऐकू येनार नाय. इकडं येऊन धू."

मी कपड्यांची बादली उचलली आणि कुंपणापलीकडे गेले. दगड ओलाच होता.